गृहपाठ : कोणाच्या घरी, कोणासाठी?

‘गृहपाठ’ या सामासिक शब्दाचा विग्रह करणे सोपे आहे. गृही करावयाचा पाठ तो गृहपाठ. परंतु या दोन पदांपैकी शाळेत विचार होतो तो बहुधा दुसऱ्याच पदाचा. कोणता धडा, किती प्रश्न, किती वेळा लिहायचे, हे फळ्याच्या कोपऱ्यात रोज लिहून दिले जाते. ज्या घरात हा पाठ व्हायचा आहे त्या घराविषयी फळ्यावर एक अक्षरही नसते. प्रस्तुत लेखात मला लिहायचे आहे ते मुख्यतः या पहिल्या पदाविषयी.

हा विषय निवडण्याचे कारण सांगते. मी जांभूळची. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांच्या सान्निध्यात आमचे गाव आहे. औद्योगिक विकास महामंडळाचे जलशुद्धीकरण केंद्र येथे आहे, आणि बारवी धरणाचे पाणी येथे शुद्ध होऊन पुढे ठाणे जिल्ह्यातील शहरांना व कारखान्यांना जाते, एवढीच आमची बाहेरच्या जगाला ओळख. राष्ट्रीय सेवा योजनेच्या कामाचा भाग म्हणून गेली दोन वर्षे मी गावात संध्याकाळचा अभ्यासवर्ग घेते. आमच्याच घराच्या ओटीवर सहावी ते आठवीची अकरा मुले येतात. ती एकाच शाळेतील नाहीत. त्यामुळे वेगवेगळ्या वर्गांतील गृहपाठाच्या वह्या माझ्यापुढे एकाच सतरंजीवर उघडतात, आणि त्या वाचता वाचता जे ध्यानात आले ते येथे मांडीत आहे. आपल्यापैकी पुष्कळजण उद्या शिक्षक होणार आहेत. प्राध्यापक मंडळी तर आहेतच. तेव्हा हा विषय अगदीच परका वाटू नये.

प्रथम उच्च प्राथमिक वर्गाचे वेगळेपण पाहू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने, जो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला, सहावी ते आठवी या इयत्तांना उच्च प्राथमिक म्हटले. आपल्याकडील जुनी विभागणी पाचवी ते सातवी अशी होती. विभागणी कोणतीही घ्या, याच सुमारास मुलाच्या शालेय जीवनात एक मोठा बदल घडतो. तोवर बहुतेक सर्व विषय एकाच बाई किंवा एकच गुरुजी शिकवीत असतात. आज मुलाने किती लिहिले, कोण आजारी होते, कोणाकडे पाहुणे आले होते, हे त्या एका माणसाला ठाऊक असते. मोठ्या शाळांतून पुढे विषयवार शिक्षक येतात. मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास-नागरिकशास्त्र, भूगोल असे सात विषय धरले आणि प्रत्येकाने ‘फक्त वीस मिनिटांचा’ गृहपाठ दिला, तरी दोन तास वीस मिनिटे होतात. सातही शिक्षक आपापल्या परीने संयमी असतात. ही बेरीज मात्र शिक्षक-खोलीत कोणी करीत नाही. ती होते मुलाच्या घरी, रात्री. केंद्र शासनाच्या २०२० च्या दप्तर-धोरणाने सहावी ते आठवीसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास गृहपाठ असावा असे सुचविले आहे. आमच्या ओटीवरच्या मुलांना मी हे सांगितले तेव्हा त्यांतील एकाने विचारले, “ताई, एका विषयाला एक तास ना?”

आता शाळेच्या बाजूचेही गणित मांडले पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. याच कायद्याने उच्च प्राथमिक वर्गांसाठी वर्षाला किमान २२० दिवस व १००० तास अध्यापन ठरविले. म्हणजे दिवसाला साडेचार तासांहून थोडे अधिक. वर्गात पस्तीस मुलांमागे निदान एक शिक्षक हवा असेही त्यात आहे. पस्तीस मिनिटांचा तास आणि पस्तीस मुले! हजेरी, शिकविणे, फळ्यावरचे लेखन सर्व सोडून दिले, तरी एका मुलाच्या वाट्याला एक मिनिट येते. त्या मिनिटात मुलाला काय समजले आणि काय नाही हे कळणे अशक्यच. म्हणून वही लागते. गृहपाठाचे खरे प्रयोजन येथे आहे असे मला वाटते. वर्गात जे मूल बोलत नाही, हात वर करीत नाही, त्याचे म्हणणे शिक्षकांपर्यंत पोचण्याची ही जवळजवळ एकमेव वाट. परंतु पस्तीस वह्या प्रत्येकी दोन मिनिटे वाचायच्या म्हटल्या तर सत्तर मिनिटे झाली, आणि तीही एका विषयाची. लहान शाळांत एकाच गुरुजींकडे दोन-दोन इयत्ता असतात. शिवाय माहिती भरणे, पोषण आहाराच्या नोंदी, सर्वेक्षणे आहेतच. मग वही वाचण्याऐवजी ‘पाहिली’ जाते. पानाच्या तळाशी लाल शाईत ‘पाहिले’ असा शेरा, खाली तारीख व आद्याक्षरी सही. हा शेरा तरी किती प्रामाणिक! वाचले असे त्यात कोठेच म्हटलेले नाही.

मुलांना हे फार लवकर कळते. वही वाचली जात नसून मोजली जाते, हे एकदा ध्यानात आले की ती मोजण्याजोगी वही तयार करतात. वर्ग भरण्यापूर्वीच्या त्या पंधरा मिनिटांचे दृश्य वाचकांना आठवत असेल. परिपाठाची घंटा होईपर्यंत मागच्या बाकावर एकच वही मध्ये उघडी आणि तिच्याभोवती चार डोकी. वहीच्या मालकाला मोबदला मिळतो: एखादी चिंच, मीठ लावलेली बोरे, मधल्या सुट्टीत फलंदाजीचा पहिला नंबर. या व्यवहारात अनुभवी मंडळी एखादा शब्द बदलतात, कोणी जाणूनबुजून एखादी काना-मात्रेची चूक घालतो, म्हणजे संशय नको. कच्ची मंडळी मूळ वहीतील चुकांसह उतरवितात. माझ्या सातवीच्या वर्गात एकदा नऊ वह्यांत शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६४७ साली झाला होता. आकड्यांची अदलाबदल मूळ वहीत झाली आणि नऊ जणांनी ती निष्ठेने जपली. नऊही पानांवर ‘पाहिले’ होते.

बाजारात मिळणारी गाईडे हीसुद्धा या उतरवण्याचीच सुधारून वाढविलेली आवृत्ती. ‘माझी सहल’ या विषयावर निबंध आला की आमच्या परिसरातील निम्मी मुले न पाहिलेल्या किल्ल्यावर जाऊन येतात आणि तेथील मंद वाऱ्याने पुलकित होतात. प्रत्यक्षात त्यांची सहल मलंगगडावर गेलेली असते, अर्ध्या वाटेत कोणाची तरी चप्पल तुटलेली असते, आणि तोच भाग ती तोंडी सांगताना इतका रंगवून सांगतात की ऐकत राहावे. लिहायला सांगितले की पुन्हा मंद वारा. घरची बोली वहीत चालत नाही ही समजूत कोठून तरी पक्की झालेली असते. पुस्तकी मराठी आलीच पाहिजे, त्याविषयी दुमत नाही. पण चपलेची हकिकत वहीत आल्याशिवाय ती मराठी येणार कशी, हे मला समजत नाही.

जुन्या काळी काय होते? पंतोजींच्या शाळेत धूळपाटी होती, कागद महाग होता, तेव्हा घरी लिहून आणण्याचा प्रश्नच नव्हता. परंतु शिकलेल्या घरांतून दिवेलागणीला ‘परवचा’ होत असे. देवापुढे दिवा लागला की मुलांनी ओळीने बसून पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, तिथी, महिने, स्तोत्रे मोठ्याने म्हणायची. घोकंपट्टी म्हणून आपण त्याला नावे ठेवतो, आणि ती ठेवण्यासारखी होतीही. शिवाय ज्या घरांत शाळाच पोचली नव्हती तेथे परवचा कोठून असणार? आमच्या ओटीवरच्या मुलांचे पणजोबा त्या वेळी दिवा लागण्यापूर्वी भात झोडून परतत असतील. एक गोष्ट तरीही घेण्यासारखी वाटते. परवचा कानाने तपासली जाई. स्वयंपाकघरात भाकरी थापणारी आजी हातातले काम न सोडता आतूनच सांगे, “सात नव्वे किती म्हणालास? पुन्हा म्हण.” लेखी गृहपाठाने तपासणीचे काम डोळ्यांकडे आणि साक्षरांकडे दिले. जी माणसे रोज घरात असतात पण वाचू शकत नाहीत, ती त्या दिवसापासून मुलाच्या अभ्यासातून बाद झाली.

आणि तरीही पालकांची सही मात्र हवीच असते. आमच्या वर्गातील एका मुलीच्या घरी आजीच असते. आई-वडील सकाळची लोकल धरतात ते रात्री येतात. आजी भाजी विकते. तिला सही येत नाही, पण चाळीस रुपये किलोच्या वांग्यांचे पाऊण किलोचे तीस रुपये ती मी ओठ हलविण्यापूर्वी सांगते. नातीच्या वहीत त्याच आठवड्यात ०.७५ × ४० हे उदाहरण चुकले होते. उत्तर ३०० आले होते आणि त्याखाली लाल फुली होती. मुलीला आम्ही एवढेच विचारले की, आजी पाऊण किलोचे तीनशे रुपये मागेल तर गिऱ्हाईक काय म्हणेल? तिने चूक स्वतः खोडली. ०.७५ म्हणजे पाऊण, हा सांधा तोवर कोणी जुळविलेलाच नव्हता. शाळेला वाटत होते गणित कच्चे आहे; घरात तर ते तीन पिढ्यांचे पक्के होते.

चुकांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण वही वाचणे म्हणजे काय हे त्यावाचून स्पष्ट व्हायचे नाही. सहावी-सातवीत अपूर्णांक, दशांश, ऋण संख्या अशा गोष्टी येतात. येथे मुलाची चूक सहसा आंधळी नसते, तिच्यामागे एक नियम असतो. पाऊण आणि अर्धा यांची बेरीज एका मुलाने चार-षष्ठांश अशी केली होती. अंशात अंश मिळविला, छेदात छेद मिळविला; पूर्णांकांत जे चालत आले ते त्याने येथेही चालविले. उत्तर पाऊणाहूनही कमी आले, हे त्याच्या लक्षात आले नाही, कारण त्याच्या दृष्टीने ती किंमत नव्हतीच, वर-खाली लिहिलेल्या दोन संख्या होत्या. दुसऱ्या एका मुलीने ०.५ पेक्षा ०.२५ मोठे लिहिले होते. का, म्हणून विचारले तर म्हणाली, “पाचापेक्षा पंचवीस मोठेच ना!” तिला दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी दाखविली आणि पावाचे माप दाखविले, तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली, मग हसली. या दोघांना फुली सारखीच मिळाली होती. उत्तर चूक आहे एवढेच फुली सांगते. दहा वेळा लिहून आणायची शिक्षा त्याहून वाईट, कारण चुकीचा नियम त्याने दहादा घट्ट होतो. (शिक्षा आणि शिक्षण हे शब्द एकाच धातूपासून आले आहेत हे भाषेच्या विद्यार्थिनीला ठाऊक असते, पण गृहपाठात ते इतके जवळ येतील असे वाटले नव्हते.)

शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मनाई केली, ते फार चांगले झाले. छडी गेली. ‘ज्यांनी गृहपाठ केला नाही त्यांनी उभे राहा’ हे मात्र अजून ऐकू येते, आणि उभे राहणारी मुले बहुधा तीच असतात. ती आळशी असतात का? काही असतात, आळस श्रीमंत-गरीब सर्व घरांत पोचलेला आहे. परंतु आमच्या ओटीवर येणारी एक सातवीतली मुलगी शाळेतून आल्यावर धाकट्या भावाला सांभाळते, पाणी भरते, भात लावते आणि मगच येते. येते तेव्हा तिचा चेहराच सांगतो की आता अक्षर वळणदार येणार नाही. तिच्या प्रगतिपत्रकावर ‘गृहपाठात अनियमित’ असा शेरा होता. तो वाचून मला राग आला, आणि अजून आहे. हा शेरा तिच्या बुद्धीविषयी काही सांगत नाही. घरात पाळणाघराची सोय नाही आणि आईची पाळी रात्री आठला सुटते, एवढेच त्यातून कळते.

याहून कठीण स्थिती वीटभट्टीवर जाणाऱ्या मुलांची. ठाणे-रायगड भागातील कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. अशा एका मुलाची वही मी पाहिली आहे. नोव्हेंबरमधील एका तारखेनंतर पुढचे पान थेट जूनचे. मधल्या महिन्यांत त्याचे ‘गृह’ म्हणजे विटांच्याच भिंतींचा, वाकून आत शिरायचा भोंगा. तेथे गृहपाठ कोणता द्यावा? याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात काही माणसांनी शोधले होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात, जो आता पालघर जिल्ह्यात आहे, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. गुरे जिथे चरतात तिथे शाळा गेली. पुढे १९९० च्या दशकात विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवर भोंगाशाळा चालविल्या. मूल शाळेच्या वेळेत बसत नसेल तर शाळेने मुलाच्या वेळेत बसावे, असा तो सरळ विचार होता. गृहपाठाच्या बाबतीत आपण त्याच्या नेमके उलट वागतो.

गृहपाठाच्या ओझ्यावर पूर्वी चर्चा झाली नाही असे नाही. कादंबरीकार आर. के. नारायण यांनी १९८९ साली राज्यसभेत पहिलेच भाषण केले ते मुलांच्या दप्तरावर. पुढे प्रा. यशपाल यांच्या समितीने १९९३ मध्ये ‘ओझ्याविना शिक्षण’ हा अहवाल दिला. पुस्तकांच्या वजनाहून न समजण्याचे ओझे अधिक जड, हा त्यातील मला पटलेला मुद्दा. पण वजन मोजता येते, न समजणे मोजता येत नाही. म्हणून की काय, आपल्याकडे उपाय वजनावर अधिक झाले. महाराष्ट्रात दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावे असा आदेश २०१५ मध्ये निघाला. २०२३ पासून पाठ्यपुस्तके चार भागांत आली आणि धड्यांनंतर नोंदींसाठी कोरी पाने बांधली गेली, म्हणजे वेगळी वही न्यायला नको. मुले पुस्तकही नेत राहिली आणि वह्याही. शेवटी जानेवारी २०२५ मध्ये तो निर्णय रद्द झाला. मी ती कोरी पाने पाहिली आहेत. पुष्कळ पुस्तकांत ती कोरीच होती; एकात फक्त क्रिकेटचे धावफलक होते, आणि ते मात्र अगदी व्यवस्थित मांडलेले.

२०१० पासून आपल्याकडे आकारिक मूल्यमापन आले. त्याच्या साधनांत तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प आहेत, आणि ‘स्वाध्याय’ हाही शब्द आहे. हा शब्द मला फार आवडतो, कारण त्यात घर गृहीत धरलेले नाही. स्वतः करणे एवढेच आहे. प्रकल्पाचे पुढे काय झाले हे स्टेशनजवळच्या कोणत्याही वह्यांच्या दुकानात कळेल. तयार चित्रांचे तक्ते दोरीला टांगलेले असतात.

गृहपाठ बंद करा असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीत मी नाही. कोरोनाच्या काळात शाळा बंद होत्या तेव्हा शिक्षण सुरू राहिले ते जवळजवळ गृहपाठाच्या रूपानेच, आणि ज्या घरात एकच मोबाइल होता व तो वडिलांबरोबर कामावर जात होता त्या घरातले मूल किती मागे पडले हे आम्ही आजही वाचनाच्या तासाला पाहतो. घर नावाची जागा शिक्षणातून वगळता येत नाही. म्हणून गेल्या वर्षी आम्ही एक लहानसा प्रयोग केला. मुलांना सांगितले, आपल्या घरी एका दिवसात पाणी किती लागते ते लिहून आणा. मोजायचे कसे, हेही तुम्हीच ठरवा.

दुसऱ्या दिवशी सर्व अकरा वह्या आल्या. असे आधी कधीच झाले नव्हते. कोणी हंडे मोजले, कोणी बादल्या, एकाने टाकीची लांबी-रुंदी घेऊन घनफळ काढले. भावाला सांभाळणाऱ्या त्या सातवीच्या मुलीने एक लिटरच्या बाटलीने हंडा भरून पाहिला होता. पंधरा बाटल्या बसल्या. दिवसाला चौदा हंडे, म्हणजे २१० लिटर. घरात माणसे पाच, म्हणजे प्रत्येकी ४२ लिटर. आई धुणे धुते त्या दिवशी पाच हंडे जास्त, अशी टीपही खाली होती. पाणी भरण्याचे काम तिचेच असल्यामुळे तिला हा अभ्यास करायला वेगळा वेळ काढावा लागला नव्हता.

ती वही तिने आपल्या गणिताच्या बाईंना दाखविली. बाईंनी ‘पाहिले’ लिहिले नाही. लाल शाईत त्यांनी विचारले, “धुण्याच्या दिवशी प्रत्येकी किती?” तिने निळ्या शाईत उत्तर लिहिले, ५७ लिटर. बाईंनी पुन्हा विचारले, “आठवड्यातून दोनदा धुणे असेल तर आठवड्याची सरासरी किती?” हे उदाहरण तिला दोन दिवस पुरले. पहिल्यांदा तिने ४२ आणि ५७ यांची बेरीज करून दोनाने भागले, मग पाच दिवस आणि दोन दिवस वेगळे धरायला हवेत हे तिच्या ध्यानात आले, आणि ४६ पूर्णांक दोन-सप्तमांश हे उत्तर घेऊन ती ओटीवर धावत आली. इतिहासाचा स्वाध्याय मात्र त्या आठवड्यात तिने केला नाही.